केसातील कोडे : विल्यम ॲस्टबरी यांचे जीवन व कार्य

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष साहजिकच त्यांच्या विजयांकडे जाते. कोणी नवा भूप्रदेश शोधला, कोणी आकाशात नवा ग्रह पाहिला, कोणी असाध्य रोगावर औषध काढले. त्यांच्या गळ्यात जगाने यशाची माळ घातली. परंतु ज्ञानाच्या इतिहासात अशीही माणसे होऊन गेली आहेत, की ज्यांनी अंधारात चाचपडत दार शोधून काढले, कुलपाला हात घातला, आणि दार उघडून आत पाऊल टाकण्याचा मान मात्र इतरांना मिळाला. अशा माणसांची नावे पाठ्यपुस्तकात क्वचितच येतात. तरीही ती नसती तर मागून येणाऱ्यांना दार कोठे आहे हेच कळले नसते. आज आम्ही ज्यांची ओळख करून देणार आहोत ते इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम टॉमस ॲस्टबरी हे या कोटीतील होत. त्यांनी ज्या वस्तूच्या अभ्यासात आयुष्य वेचले ती वस्तू दुर्मीळ नाही, मौल्यवान नाही. ती आपल्या प्रत्येकाच्या मस्तकावर आहे. ती वस्तू म्हणजे केस!

ॲस्टबरी यांचा जन्म 25 फेब्रुवारी 1898 रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लाँगटन या गावी झाला. हा सारा प्रदेश चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. भट्ट्यांच्या धुराड्यांनी तेथील आकाश काळवंडून जात असे. विल्यमचे वडीलही याच धंद्यात होते. सात भावंडांच्या त्या घरात संपत्तीची रेलचेल नसली तरी दोन गोष्टींची आवड होती : विद्येची आणि संगीताची. शिष्यवृत्ती मिळवून विल्यम लाँगटनच्या हायस्कुलात दाखल झाला. तेथील मुख्याध्यापक व त्यांचे दुय्यम शिक्षक हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार होते, आणि त्यांच्या सहवासात या मुलाच्या मनात विज्ञानाची गोडी रुजली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजची शिष्यवृत्तीही त्याने पटकावली. कुंभाराच्या घरचा मुलगा केंब्रिजला जातो ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण दोन सत्रे पुरी होतात न होतात तोच पहिल्या महायुद्धाने त्यांना विद्यापीठातून उचलले. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेमुळे प्रकृती लढाईस योग्य ठरली नाही, म्हणून 1917 मध्ये लष्करी वैद्यकीय दलातर्फे आयर्लंडमधील कॉर्क येथील इस्पितळात त्यांची नेमणूक झाली. याच गावी फ्रान्सेस गूल्ड यांच्याशी त्यांचा परिचय झाला, आणि 1922 मध्ये त्या दोघांचा विवाह झाला. युद्ध संपताच ॲस्टबरी केंब्रिजला परतले आणि 1921 मध्ये पदवी घेऊन लंडनला सर विल्यम ब्रॅग यांच्या हाताखाली काम करू लागले.

येथे थोडे थांबून ब्रॅग यांच्या विद्येविषयी सांगणे अवश्य आहे. रात्रीच्या वेळी मलमलीच्या पडद्याआडून दूरच्या दिव्याकडे पाहिले, तर दिव्याभोवती प्रकाशाच्या ठिपक्यांची एक फुली दिसते. वस्त्रातील धागे अगदी नियमित अंतरावर विणलेले असल्यामुळे प्रकाश त्या घरांतून जाताना विशिष्ट दिशांनाच फाकतो. ठिपक्यांमधील अंतर मोजले तर वस्त्र न पाहताही त्याची वीण किती दाट आहे हे गणिताने सांगता येते. स्फटिकातील अणूंची वीण यापेक्षा कित्येक पटींनी बारीक. तेथे साध्या प्रकाशाचे काम नाही. तेथे क्ष-किरण लागतात. स्फटिकातून क्ष-किरण सोडून, पलीकडील छायाचित्रपट्टिकेवर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून आतील अणूंची मांडणी ओळखण्याची ही विद्या विल्यम ब्रॅग व त्यांचे पुत्र लॉरेन्स यांनी सिद्ध केली, आणि 1915 मध्ये पितापुत्रांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्रॅग यांच्या प्रयोगशाळेत मीठ, हिरा, खनिजे अशा काटेकोर स्फटिकांचा अभ्यास चाले. 1926 मध्ये ब्रॅग यांना एका व्याख्यानासाठी नेहमीच्या वापरातील पदार्थांची क्ष-किरण चित्रे हवी होती. केस, लोकर, रेशीम अशा तंतूंची चित्रे घेण्याचे काम त्यांनी ॲस्टबरी यांच्याकडे सोपविले. हे काम एका व्याख्यानापुरतेच होते. परंतु त्या पट्टिकांवर उमटलेले अंधुक ठिपके पाहून ॲस्टबरी यांच्या मनाने वेगळाच वेध घेतला. केस हा काही स्फटिक नव्हे. तो वाकतो, ताणतो, वाढतो. तरीही त्याच्या अंतरंगात काहीतरी नियम आहे, कोणतीतरी आकृती पुन्हा पुन्हा येत आहे, हे ते ठिपके सांगत होते. सजीवाच्या देहातही अणूंची शिस्तबद्ध वीण असावी, या विचाराने ते भारून गेले.

1928 मध्ये लीड्स विद्यापीठात वस्त्रपदार्थविज्ञानाचे व्याख्याते म्हणून त्यांची नियुक्ती झाली. लीड्स हे यॉर्कशायरमधील लोकरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र. लोकर का ताणते, का आटते, वाफेने तिला आकार का देता येतो, या प्रश्नांची उत्तरे गिरण्यांना हवी होती. ॲस्टबरी यांनी हे व्यवहाराचे प्रश्न मनापासून स्वीकारले, कारण त्यांच्या आत दडलेला मोठा प्रश्न त्यांना दिसत होता. लोकर, केस, नखे, शिंगे आणि खूर ही सर्व केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली लांबच लांब साखळी. ही साखळी केसात कशी बसली आहे?

ॲस्टबरी यांनी साध्या केसाचे क्ष-किरण चित्र घेतले. मग केस ओला करून ताणला आणि पुन्हा चित्र घेतले. वाफेत ताणल्यास केस जवळजवळ दुप्पट लांब होतो. दोन्ही चित्रे अगदी भिन्न निघाली! साध्या केसात तंतूच्या दिशेने सुमारे 5.1 आंगस्ट्रॉम अंतरावर एक आकृती पुन्हा पुन्हा येत होती. एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. ताणलेल्या केसात ती खूण नाहीशी होऊन सुमारे 3.3 आंगस्ट्रॉमची नवी खूण दिसू लागली, आणि हे नवे चित्र रेशमाच्या चित्रासारखे होते. ताण सोडून केस पुन्हा ओला केला की पहिली आकृती परत येई. आपल्याकडे सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे म्हणतात. केसाचे तसेच होते.

या साध्या प्रयोगाचा अर्थ फार खोल होता. प्रथिनाची साखळी साध्या केसात कशीतरी घडी घालून बसलेली असते, आणि ताणल्यावर ती उलगडते. पहिल्या स्थितीला ॲस्टबरी यांनी आल्फा आणि दुसरीला बीटा अशी नावे दिली. 1930 नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने एक नवी दृष्टी दिली : सजीवांचे गुणधर्म रेणूंच्या आकारात दडलेले आहेत. केसाची लवचीकता ही रेणूच्या घडीची लवचीकता आहे. आज शाळकरी मुलांनाही ही कल्पना परिचित वाटेल. त्या काळी ती सांगण्यास धैर्य लागे, कारण प्रथिनांना काही निश्चित आकार असतो की नाही याविषयीच पुष्कळ विद्वान साशंक होते.

यानंतर ॲस्टबरी व त्यांचे सहकारी हाताशी येईल त्या तंतूवर क्ष-किरण सोडू लागले. स्नायूंतील मायोसिन, त्वचेच्या बाह्य थरातील प्रथिन, रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन, या सर्वांत त्यांना केसातील तीच आल्फा आकृती आढळली. केस ही निर्जीव, स्थिर वस्तू. स्नायू हा आकुंचन पावणारा, जिवंत. रक्त तर प्रवाही! तरीही तिघांच्या अंतरंगात एकच घडी! या चौघांचा ॲस्टबरी यांनी एक गट कल्पिला व त्यांच्या आद्याक्षरांवरून त्यास नाव दिले. प्राण्यांच्या देहातील हे सारे तंतू एकाच मूळ कल्पनेचे आविष्कार आहेत, एकाच रागातून निघालेल्या चिजांसारखे आहेत, अशी त्यांची श्रद्धा बनली. संगीतावर, विशेषतः मोत्सार्टच्या रचनांवर, त्यांचे निरतिशय प्रेम होते. अनेक रचनांतून एकच सूत्र शोधण्याची त्यांच्या मनाची सवय या प्रेमाशी जुळणारीच होती. 1940 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

त्यांच्या उत्साहाचा एक विनोदी नमुनाही सांगण्यासारखा आहे. शेंगदाण्यात प्रथिन विपुल असते, परंतु ते तंतुरूप नसते. त्या प्रथिनाची गुंडाळी उलगडून त्याचे धागे काढता येतील, असे ॲस्टबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पुढे एका मोठ्या कारखानदारी संस्थेने असे धागे प्रत्यक्ष तयार केले, आणि शेंगदाण्यापासून विणलेला ओव्हरकोट घालून प्राध्यापकमहाशय मोठ्या ऐटीत वावरत! तो धागा बाजारात टिकला नाही आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन बंद पडले. पण प्रथिनाची घडी हे केवळ कागदावरचे चित्र नव्हे, ती मोडून नवी घालता येते, हे त्या कोटाने सिद्ध केले.

आता त्यांच्या आयुष्यातील मर्माच्या प्रसंगांकडे वळू. 1937 मध्ये फ्लॉरेन्स बेल ही केंब्रिजमध्ये शिकलेली तरुण संशोधिका त्यांच्या प्रयोगशाळेत आली. पेशींच्या केंद्रकात असणारे न्यूक्लिक आम्ल, ज्यास आज सारे जग डीएनए म्हणून ओळखते, त्याचे तंतू ताणून तिने क्ष-किरण चित्रे घेतली. 1938 मध्ये दोघांनी ती प्रसिद्ध केली. या रेणूत चपटे घटक एकावर एक, नाण्यांच्या चळतीप्रमाणे, सुमारे 3.3 आंगस्ट्रॉम अंतरावर रचलेले आहेत, असे त्यांनी दाखविले. डीएनएच्या रचनेकडे टाकलेले ते पहिले महत्त्वाचे पाऊल. पुढे दुसऱ्या महायुद्धात बेल यांना हवाई दलाच्या सेवेत जावे लागले, आणि त्यांचे काम तेथेच थांबले.

1944 मध्ये अमेरिकेत ओस्वाल्ड एव्हरी यांनी जिवाणूंचे आनुवंशिक गुण डीएनएमधून संक्रमित होतात असे दाखविले. त्याचे महत्त्व ज्यांनी तत्काळ ओळखले अशा थोड्यांपैकी ॲस्टबरी एक होते. युद्ध संपताच रेणूंच्या आधारे जीवनाचा उलगडा करणारी एक नवी संशोधनशाळा लीड्स येथे उभारण्याची योजना त्यांनी आखली. ज्या शास्त्राला त्यांनी आवर्जून रेणवीय जीवशास्त्र म्हटले, त्याचे नाव आपल्या विभागास द्यावे अशी त्यांची इच्छा होती. विद्यापीठाला ते रुचले नाही. ते स्वतः जीवशास्त्रज्ञ नसल्याची हरकत निघाली. सरकारी संशोधन मंडळाने मोठे अनुदान नाकारले आणि ती मदत लंडनच्या किंग्ज कॉलेजकडे गेली. ॲस्टबरी यांना प्राध्यापकपद मिळाले, विभागही मिळाला, परंतु तो एका जुन्या राहत्या घरात. तेथील जमीन सपाट नव्हती, वीजपुरवठ्याचा भरवसा नव्हता, नळ फुटून पाणी शिरे. नाजूक उपकरणांना अशी जागा म्हणजे शिक्षाच! तरीही काम चालूच राहिले.

1951 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोनदा कसोटीचे ठरले. अमेरिकेतील लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी आल्फा घडीचे खरे स्वरूप जाहीर केले. ॲस्टबरी यांनी ती घडी एका पातळीत, कापडाच्या चुणीसारखी कल्पिली होती. प्रत्यक्षात ती मळसूत्रासारखी निघाली. एका वेढ्यात सरासरी 3.6 अमिनो आम्ले. बीस वर्षे ज्या दारापाशी ॲस्टबरी उभे होते ते दार दुसऱ्याने उघडले. एक अडचण मात्र उरली होती. पॉलिंग यांच्या मळसूत्राचा वेढा 5.4 आंगस्ट्रॉमचा होता, आणि ॲस्टबरी यांच्या केसाने 5.1 हा आकडा दिला होता. फ्रान्सिस क्रिक यांनी आणि स्वतंत्रपणे पॉलिंग यांनी तिचा उलगडा केला. केसातील मळसूत्रे सरळ नसतात. काथ्याच्या पेडांप्रमाणे ती एकमेकींभोवती पिळलेली असतात. तिरपे झाल्यामुळे वेढ्याची उंची थोडी कमी भरते. म्हणजे ॲस्टबरी यांची कल्पना चुकली होती, पण त्यांचे मोजमाप अचूक होते. आणि त्या अचूक मोजमापामुळेच पिळाच्या आतील दुसरा पीळ सापडला.

दुसरी कसोटी याहून कठोर होती. त्याच वर्षी त्यांचे सहकारी एल्विन बेटन यांनी डीएनएची काही नवी चित्रे घेतली. त्यांत काळ्या ठिपक्यांची स्पष्ट फुली उमटली होती. अशी फुली हे मळसूत्राचे लक्षण, हे आज जाणकारास पाहताक्षणी कळते. पुढल्या वर्षी किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग यांनी तसेच चित्र घेतले, आणि 1953 मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएचे दुहेरी मळसूत्र मांडले, त्या कामी ते चित्र अत्यंत उपयोगी पडले. बेटन यांचे चित्र लीड्समध्येच राहिले. ॲस्टबरी यांनी ते प्रसिद्ध केले नाही. युगप्रवर्तक शोधाचा पुरावा त्यांच्या घरी आला होता, आणि तो ओळखल्यावाचून राहिला. या घटनेविषयी वाचताना मन विषण्ण होते.

4 जून 1961 रोजी वयाच्या 63 व्या वर्षी लीड्स येथे ॲस्टबरी निवर्तले. त्यांना नोबेल पारितोषिक लाभले नाही. मग त्यांच्या श्रमांचे फलित काय? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या निधनानंतरच्या सहा दशकांत हळूहळू मिळत गेले. त्यासाठी त्यांच्या चार तंतूंच्या कुटुंबाकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे.

आपल्या गावाकडे आडनाव एक असले म्हणून कुळ एकच असेल असे कोणी धरून चालत नाही. कुलदैवत कोणते, मूळ गाव कोणते, हे विचारल्यावरच नात्याचा निर्णय होतो. प्रथिनांचेही तसेच आहे. ॲस्टबरी यांच्यापाशी फक्त चेहऱ्याची ठेवण होती. वंशावळ वाचण्याची विद्या त्या काळी नव्हती. पुढे प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम आणि त्या क्रमाची आज्ञा देणारी जनुके वाचता येऊ लागली, आणि वंशावळीचे दप्तरच उघडले. त्यावरून असे दिसून आले, की केसातील केराटिन आणि त्वचेतील प्रथिन ही खरोखरच सख्खी भावंडे आहेत. स्नायूतील मायोसिन व रक्तातील फायब्रिनोजेन यांची कुळे मात्र निराळी. त्यांच्यातही पिळलेली मळसूत्रे आहेत हे ॲस्टबरी यांनी बरोबर ओळखले; परंतु मजबूत दोर हवा तर पेड पिळावेत ही युक्ती निसर्गाने अनेकदा, वेगवेगळ्या कुळांत योजिली आहे.

याउलट प्रकारही आढळला. पक्ष्यांच्या पिसातील प्रथिनालाही लोक केराटिनच म्हणत. 1932 मध्येच ॲस्टबरी यांना त्याचे चित्र केसापेक्षा वेगळे दिसले होते. आज आपण जाणतो, की पिसे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची खवले यांतील ते कठीण प्रथिन एका वेगळ्याच कुळातील आहे. नाव एक, वंश दुसरा. जिवाणूंच्या शेपटीसारख्या तंतूंतही ॲस्टबरी यांना आल्फा आकृती दिसली, आणि या शेपट्या म्हणजे एका रेणूच्या जाडीचे आदिम स्नायूच होत असे त्यांनी मानले. हे अनुमान टिकले नाही. 1974 पर्यंत असे सिद्ध झाले, की त्या शेपट्या आकुंचन पावत नाहीत; बुडाशी असलेल्या चक्रामुळे त्या गरगर फिरतात. तरीसुद्धा आपल्या पेशीतील तंतूंचे पूर्वज जिवाणूंत शोधावेत, ही त्यांची दिशा चुकीची नव्हती. 2001 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखविले, की जिवाणूंना काठीसारखा आकार देणारे एक प्रथिन आपल्या स्नायूंतील ॲक्टिनचे दूरचे आप्त आहे. दोघांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात आज फारसे साम्य उरलेले नाही. पण रेणूची संपूर्ण घडी उलगडून पाहिली तेव्हा नाते उघड झाले. बाह्य साम्य फसवू शकते, आणि बाह्य भेदही फसवू शकतो.

आणि केसातील केराटिनचे मूळ गाव कोणते? हा शोध फार सुंदर आहे. प्राण्यांच्या पेशीला वनस्पतीसारखी बाहेरची कठीण भिंत नसते. तिला आतून आधार देण्यासाठी तंतूंचा एक सांगाडा असतो. ॲक्टिनचे तंतू बारीक, नळ्यांसारखे तंतू जाड, आणि या दोहोंच्या मध्ये सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचे जे तंतू असतात त्यांना मध्यम तंतू म्हणतात. केराटिन हे या मध्यम तंतूंच्या कुळातील. मज्जातंतूंना आधार देणारी काही प्रथिने याच कुळातील, आणि केंद्रकाला आतून अस्तरासारखे वेढणारे लॅमिन हेही याच कुळातील. यांत थोरले कोण? गोगलगायीच्या पेशीतील मध्यम तंतूंचा क्रम वाचल्यावर 1988 मध्ये महत्त्वाचा धागा हाती आला. लॅमिनमध्ये 42 अमिनो आम्लांचा एक विशिष्ट तुकडा असतो. गोगलगायीच्या तंतूत तो जसाच्या तसा सांभाळलेला आहे. माणसाच्या केराटिनमध्ये तो गळून गेला आहे. याचा अर्थ असा, की केंद्रकाचे अस्तर हे या कुळाचे मूळ घर. त्याच्या जनुकाची एक प्रत कधीकाळी वेगळी झाली, केंद्रकाशी बांधणारी तिची बंधने सुटली, आणि ती पेशीच्या अंगणात येऊन नांदू लागली. मग तिच्याही प्रती निघाल्या, प्रत्येकीने नवे काम पत्करले : कोणी त्वचा सांभाळली, कोणी मज्जातंतू. माणसाच्या जनुकसंचात आज केवळ केराटिनचीच 54 जनुके आहेत. फळमाशीसारख्या कीटकांत लॅमिन आहे, परंतु पेशीच्या अंगणातील ही शाखा नाही. कीटकांनी देहाला बाहेरून कवचाचा आधार दिला आहे.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. त्वचेतील केराटिनमध्ये एका अमिनो आम्लाची चूक झाली, तर नुसत्या घासण्यानेही अंगावर फोड उठणारा दुःखदायक आजार होतो, हे 1991 मध्ये सिद्ध झाले. लॅमिनच्या जनुकातील दोषामुळे कोवळ्या मुलांवर अकाली वार्धक्य ओढवते, हे 2003 मध्ये उमगले. आईच्या कुशीत दुखणाऱ्या अंगाने झोपणाऱ्या त्या लेकरांच्या आजाराचे कारण ज्या मार्गाने सापडले, त्या मार्गाची पहिली मोजणी लीड्सच्या त्या शास्त्रज्ञाने लोकरीच्या धाग्यावर केली होती.

विद्यार्थिमित्रहो, ॲस्टबरी यांच्या जीवनातून आम्ही दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात असे सुचवितो. पहिली ही, की अभ्यासाला विषय लहान नसतो. डोक्यावरच्या केसात, धनगराच्या खांद्यावरील घोंगडीच्या धाग्यात कोट्यवधी वर्षांचा इतिहास गुंडाळलेला असू शकतो; तो उलगडण्याची जिद्द मात्र पाहिजे. दुसरी गोष्ट ही, की अनुमान आणि मोजमाप यांची गल्लत करू नये. ॲस्टबरी यांची अनुमाने कधी खरी ठरली, कधी खोटी. त्यांनी घेतलेली मापे आणि चित्रे मात्र पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडली, कारण ती प्रामाणिक होती. आपल्या कल्पनेस सोयीचे व्हावे म्हणून त्यांनी 5.1 या आकड्यात फेरफार केला असता, तर पिळातील पीळ कोणास दिसता?

कुंभाराच्या घरी जन्मलेल्या या माणसाने अखेरपर्यंत कुंभाराचीच निष्ठा पाळली. चाकावरचे मडके आपल्या हातून पुरे झाले नाही, तरी माती मळताना तिच्यात खडा राहू द्यावयाचा नाही. ज्ञानाची घागर अनेक हातांनी घडते. तिच्यातील पाणी पिताना, माती मळणाऱ्या हातांचेही स्मरण आपण ठेवू या.